ब्राह्मीचा अर्क दिलेल्या उंदरांच्या मेंदूत गडद, आक्रसलेल्या चेतापेशी : हा वनस्पतीचा परिणाम मानावा का?

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थिनी, औषधनिर्माणशास्त्र

नमस्कार. ब्राह्मीच्या अर्काचा निरोगी उंदरांच्या मेंदूच्या ऊतींवर काय परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रयोग संपला आहे आणि निकाल हाती आहेत, परंतु दोन प्रकारचे पुरावे परस्परविरोधी दिसत असल्यामुळे निष्कर्षाच्या प्रकरणात नेमके काय लिहावे हे मला कळेनासे झाले आहे.

प्रयोगाची मांडणी अशी होती. विस्टार जातीचे २४ प्रौढ नर उंदीर घेऊन प्रत्येकी सहाचे चार गट केले. पहिल्या गटाला केवळ पाणी दिले, दुसऱ्याला ०.५ टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजचे द्रावण दिले, कारण अर्क त्यातच मिसळलेला होता. तिसऱ्या आणि चौथ्या गटाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे अनुक्रमे २०० आणि ४०० मिलिग्रॅम अर्क दिला. हे सर्व २८ दिवस रोज सकाळी तोंडावाटे नळीने दिले. वाळलेल्या वनस्पतीच्या चूर्णापासून अर्क इथेनॉलने काढला होता. एकोणतिसाव्या दिवशी भुलीखाली प्राण्यांचा अंत करून मेंदू बाहेर काढले, ते ताजे असतानाच मधोमध चिरले, उजवा अर्धा भाग बर्फावर ठेवून जैवरासायनिक चाचण्यांसाठी दिला आणि डावा अर्धा भाग १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवला.

जैवरासायनिक निकाल आशादायक आहेत. अर्क दिलेल्या दोन्ही गटांत मॅलॉनडायअल्डिहाइडचे (मेदांच्या ऑक्सिडीकरणाने होणाऱ्या हानीच्या निदर्शकाचे) प्रमाण कमी झाले आहे आणि ग्लुटाथिओन (पेशीचे स्वतःचे ऑक्सिडीकरणरोधक द्रव्य) वाढले आहे. प्राण्यांची वजने, खाणे आणि हालचाल यांत गटागटांत फरक दिसला नाही. मात्र हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या नेहमीच्या रंजकांनी रंगवलेल्या छेदांत, विशेषतः मेंदूच्या बाह्यकात (बाहेरच्या थरात) आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागात, आक्रसलेल्या, गर्द निळसर-जांभळ्या चेतापेशी ठिकठिकाणी दिसतात आणि त्यांच्याभोवती रिकाम्या कडा आहेत. अशा पेशी नियंत्रण गटातही थोड्या आहेत, पण ४०० मिलिग्रॅमच्या गटात त्या अधिक आहेत, असे मला वाटते. हा चेतापेशींचा ऱ्हास आहे असे थेट लिहावे, असे मला सुचवण्यात आले आहे. स्मरणशक्तीसाठी शतकानुशतके दिल्या जाणाऱ्या वनस्पतीबद्दल असे विधान करताना माझा हात थबकतो. दुसरीकडे, वनस्पती प्रसिद्ध आहे एवढ्या कारणाने दिसलेली इजा झाकावी असेही मला वाटत नाही. २४ जिवांच्या मोबदल्यात मिळालेली ही माहिती मला चुकीच्या पद्धतीने वाचायची नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर : ऊतीविकृतिशास्त्राचा अध्यापक

तुमच्या वर्णनातील दोन वाक्यांवर माझे लक्ष खिळले. एक म्हणजे मेंदू ताजे असतानाच मधोमध चिरले, आणि दुसरे म्हणजे अशा पेशी नियंत्रण गटातही आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्या की, अर्काचा विचार करण्याआधी मी तुमच्या प्रयोगाच्या शेवटच्या दिवसाचा विचार करतो.

तुम्ही ज्यांचे वर्णन केले आहे त्या पेशींना ‘गडद चेतापेशी’ असे नावच पडलेले आहे. मेंदूची ऊती स्थिरीकरण (फॉर्मॅलिनसारख्या द्रवाने ऊती आहे तशी टिकवणे) होण्यापूर्वी दाबली, ओढली किंवा कापली गेली की तिच्यातील मोठ्या चेतापेशी आक्रसतात, पेशीद्रव आणि केंद्रक दोन्ही एकसारखे गर्द रंग घेतात, दोहोंमधील सीमा दिसेनाशी होते आणि पेशीच्या टोकाकडून निघणारी मुख्य वृक्षिका (संदेश घेणारी शाखा) मळसूत्रासारखी पिळवटलेली दिसते. प्राण्याचा जीव गेल्यानंतरही हा बदल घडू शकतो. कॅमरमायर यांनी १९६१ मध्येच अशा पेशी टाळण्याचे महत्त्व सविस्तर मांडले होते, आणि तरीही वनस्पतींच्या अर्कांवरील आजच्या लेखांतसुद्धा ‘ऱ्हास पावलेल्या चेतापेशी’ या शीर्षकाखाली त्यांचीच छायाचित्रे छापली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पेशीभोवतीच्या रिकाम्या कडांचेही तसेच आहे. निर्जलीकरण आणि पॅराफिनच्या प्रक्रियेत ऊती आकुंचन पावते, पेशी भोवतालच्या ऊतीपासून सुटते आणि मध्ये फट राहते.

ऑक्सिजनचा तुटवडा किंवा तत्सम आघाताने खरोखर मरणारी चेतापेशी वेगळी दिसते. तिचे पेशीद्रव इओसिन शोषून लालसर होते, केंद्रक लहान व घट्ट होते, केंद्रिका दिसेनाशी होते, आणि हे रूप आघातानंतर काही तासांनी प्रकट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेंदू अशा मृत्यूकडे दुर्लक्ष करत नाही. मायक्रोग्लिया (मेंदूतील सफाई करणाऱ्या पेशी) त्या जागी जमतात, मेलेली पेशी खाऊन टाकतात, आणि तारकापेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी) संख्येने व आकाराने वाढतात. तुमच्या प्रयोगात अर्क २८ दिवस दिला गेला. तो इतके दिवस पेशी मारत असता, तर ऱ्हासाच्या वेगवेगळ्या अवस्था शेजारीशेजारी दिसल्या असत्या; काही पेशी नुकत्याच लालसर झालेल्या, काही मायक्रोग्लियांनी वेढलेल्या, आणि काही ठिकाणी पेशी नाहीशा होऊन केवळ ग्लियांची दाटी उरलेली. सगळ्या पेशी एकाच अवस्थेत आणि भोवती कोणतीही प्रतिक्रिया नाही, असे चित्र असेल तर तो बदल शेवटच्या काही मिनिटांत घडला आहे असे समजण्यास सबळ कारण आहे. अर्थात अपस्माराचा दीर्घ झटका किंवा रक्तातील साखर अतिशय खालावणे अशा अवस्थांत जिवंत मेंदूतही गडद पेशी निर्माण होतात, त्यामुळे ‘गडद पेशी म्हणजे नेहमीच कृत्रिम बदल’ असेही सूत्र करू नये. तुमच्या प्राण्यांना मात्र झटके आले नव्हते.

स्थिरीकरणाची पद्धतही येथे आड आली आहे. मेंदू नुसता फॉर्मॅलिनमध्ये बुडवला तर ते बाहेरून आत साधारण तासाला एक मिलिमीटर या गतीने शिरते आणि जितके आत जावे तितके मंदावते. आतील भाग तोवर विघटित होत राहतो. म्हणूनच चेताविषाक्ततेच्या अभ्यासात भूल दिलेल्या प्राण्याच्या हृदयातून स्थिरीकारक द्रव रक्तवाहिन्यांत सोडला जातो, म्हणजेच परफ्यूजन केले जाते, आणि नंतर मेंदू काही तास कवटीतच राहू देऊन मग काढला जातो. कृंतक (उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या) प्राण्यांतील चेताविषाक्ततेसाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची जी ४२४ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे, तिच्यातही ऊतीपरीक्षणाच्या प्राण्यांसाठी परफ्यूजनच सांगितले आहे. एकाच मेंदूचा अर्धा भाग रसायनशास्त्राला आणि अर्धा ऊतीशास्त्राला देण्याची काटकसर समजण्यासारखी आहे, परंतु तिच्यामुळे ताजा मेंदू चिरणे भाग पडते आणि ऊतीशास्त्राचा अर्धा भाग तिथेच बाधित होतो.

आता तुमच्या हाती जे आहे त्यातून काय करता येईल ते सांगतो, कारण नवे प्राणी मारण्याची गरज मला अजून दिसत नाही. पॅराफिनचे ठोकळे जपून ठेवले असतील अशी आशा आहे. त्याच ठोकळ्यांतून नवे छेद घेऊन क्रेसिल व्हायोलेटने निस्सल अभिरंजन (चेतापेशींची अंतर्गत रचना दाखवणारे रंगकाम) करा. तारकापेशींसाठी जीएफएपी आणि मायक्रोग्लियांसाठी आयबीए-१ या प्रथिनांचे प्रतिपिंडाधारित अभिरंजन करून घ्या. आणि शक्य झाल्यास ऱ्हास पावणाऱ्या चेतापेशींना चमकवणारा फ्लुओरो-जेड हा रंजक वापरा. त्याआधी, आहेत त्या काचपट्ट्यांवरील चिठ्ठ्या दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्या आणि गट माहीत नसताना त्या पुन्हा वाचा. ‘अधिक आहेत असे वाटते’ हे तुमचे शब्द प्रामाणिक आहेत, पण आपल्याला गट माहीत असतो तेव्हा डोळा जे शोधतो तेच त्याला सापडते. गडद पेशी नेमक्या कुठे आहेत हेही नकाशावर मांडा. त्या चिरलेल्या मध्यकडेला आणि बाह्य पृष्ठभागालगत दाटल्या असतील, आणि खोल भागांत नसतील, तर त्यांचे कारण हाताळणीत आहे.

दुसरे उत्तर : द्रव्यगुणाचा अभ्यासक

वरील विवेचनाला माझी एक वेगळ्या दिशेची पुस्ती आहे. ‘ब्राह्मी’ म्हणजे तुम्ही नेमकी कोणती वनस्पती वापरली? प्रश्नात वनस्पतिशास्त्रीय नाव नाही, आणि चूर्ण वाळलेले होते एवढाच उल्लेख आहे.

ब्राह्मी या नावाने दोन अगदी भिन्न वनस्पती चालतात. पहिली बॅकोपा मोनिएरी, म्हणजे जलब्राह्मी. ती दलदलीत पसरते, तिची पाने लहान, मांसल, समोरासमोर आणि जवळजवळ देठाविना असतात, फुले पांढरी किंवा फिकट जांभळी असतात आणि चव कडू असते. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. तिचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, दातेरी कडेचे आणि लांब देठाचे असते, आणि ती कोथिंबिरीच्या कुळातील आहे. पहिलीत बॅकोसाइड गटातील सॅपोनिने (साबणासारखा फेस करणारी वनस्पतिद्रव्ये) असतात, दुसरीत एशियाटिकोसाइड, मेडेकॅसोसाइड आणि त्यांची आम्ले. दोहोंवर उंदरांच्या मेंदूसंबंधी संशोधन झालेले आहे, पण एकीच्या निकालांचा आधार दुसरीच्या निकालांना देता येत नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जी चार मेध्य (बुद्धिवर्धक) रसायने सांगितली आहेत, ती मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांची आहेत. ब्राह्मीचे घृत त्याच स्थानात अपस्माराच्या चिकित्सेत येते. म्हणजे ग्रंथकारांनाही या दोन स्वतंत्र वनस्पती अभिप्रेत होत्या, असेच दिसते. शंखपुष्पीच्या बाबतीत तर हा घोळ याहून मोठा आहे.

ताज्या पानांत ओळख सोपी असते, चूर्णात मात्र नजरेवर विसंबता येत नाही. उरलेले चूर्ण जपून ठेवले असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे परीक्षण करून घ्या आणि एचपीटीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करून ओळखण्याच्या) पद्धतीने बॅकोसाइड व एशियाटिकोसाइड यांच्या प्रमाणित नमुन्यांशी तुलना करा. त्याच वेळी शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांची तपासणीही अवश्य करा. जलब्राह्मी ज्या ओल्या जमिनीत वाढते तेथील जड धातू ती सहज शोषून घेते, आणि शिसे व पारा ही तर स्वतःच चेताविषे आहेत. मेंदूत खरी इजा आढळलीच, तरी ती वनस्पतीच्या घटकांनी केली की तिच्यासोबत आलेल्या धातूंनी केली, हा प्रश्न या तपासणीवाचून सुटणार नाही.

वनस्पतीच्या कीर्तीमुळे हात थबकतो असे तुम्ही लिहिले आहे, त्याबद्दल एवढेच म्हणेन की परंपरेचा आदर करणाऱ्यानेच तपासणी अधिक काटेकोर करावी. वेखंड हीही बुद्धिवर्धक म्हणून मानली गेलेली वनस्पती आहे. तिच्या काही प्रकारांतील तेलात बीटा-ॲसॅरोन भरपूर असते आणि ते तेल खाऊ घातलेल्या उंदरांत आतड्याच्या गाठी आढळल्यावर अमेरिकेत १९६८ मध्ये खाद्यपदार्थांतील तिच्या वापरावर बंदी आली. ज्या प्रकारांत हे द्रव्य नसते त्यांना हा दोष लागू होत नाही. नाव एकच असले तरी प्रकार कोणता, याला इतके महत्त्व आहे.

तिसरे उत्तर : औषधक्रियाशास्त्रातील संशोधक

ऊतीशास्त्राबद्दल पहिल्या उत्तरात आले आहे, त्यात मी भर घालत नाही. मला मात्रेबद्दल आणि तुमच्या ‘आशादायक’ जैवरासायनिक निकालांबद्दल लिहायचे आहे, कारण ज्या कसोटीने आपण वाईट निकाल तपासतो त्याच कसोटीने चांगलाही तपासला पाहिजे.

आधी मात्रा. उंदरातील मात्रा माणसाच्या मात्रेत बदलताना नुसत्या वजनाचे प्रमाण धरत नाहीत, शरीराच्या पृष्ठफळाचे धरतात, आणि त्यासाठी उंदराची मात्रा सुमारे ६.२ ने भागतात. तुमचे ४०० मिलिग्रॅम म्हणजे माणसाला प्रतिकिलो सुमारे ६५ मिलिग्रॅम, अर्थात ६० किलो वजनाच्या व्यक्तीला रोज सुमारे ३.९ ग्रॅम अर्क. माणसांवरील १२ आठवड्यांच्या चाचण्यांत जलब्राह्मीच्या प्रमाणित अर्काची रोजची मात्रा साधारण ३०० मिलिग्रॅम होती, आणि तेवढ्यावरही मळमळ, पोटात मुरडा आणि शौचास अधिक वेळा जावे लागणे अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील सिंह आणि धवन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, उंदरांच्या शिकण्यावरील अभ्यासात अल्कोहोलने काढलेल्या अर्काची मात्रा प्रतिकिलो ४० मिलिग्रॅम होती. वरच्याच हिशेबाने ती माणसाच्या सुमारे ३९० मिलिग्रॅमइतकी भरते, म्हणजे चाचण्यांतील मात्रेच्या जवळ येते. तुमची मात्रा त्याच्या दहापट आहे. विषाक्तता पाहायची असेल तर मोठी मात्रा योग्यच, पण मग प्रबंधाच्या उद्दिष्टात तसे लिहावे लागेल. शिवाय तुमच्या अर्कात बॅकोसाइड किती टक्के आहे हे ठाऊक नसताना ही तुलनाही ढोबळच राहते.

आता मॅलॉनडायअल्डिहाइड. मेंदूला ऑक्सिडेटिव्ह ताण लवकर का बाधतो हे तुम्ही प्रस्तावनेत लिहिले असेलच. ऑक्सिजनचा मोठा वापर, पेशीपटलांतील बहुअसंतृप्त मेदाम्ले, लोहाची उपस्थिती आणि कॅटॅलेज विकराची (एन्झाइमची) अल्प क्रियाशीलता ही त्याची कारणे आहेत. परंतु मॅलॉनडायअल्डिहाइडसाठी नेहमी वापरली जाणारी थायोबार्बिट्युरिक आम्लाची चाचणी केवळ तेवढेच मोजत नाही. काही शर्करा आणि इतर अल्डिहाइडेही ५३२ नॅनोमीटरजवळ रंग देतात, आणि नमुना तापवताना त्यात ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य घातले नसेल तर परीक्षानळीतच नवे मेदपेरॉक्साइड तयार होतात. म्हणून ही आकडेवारी एकटी पुरेशी नाही. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटॅलेज आणि ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज हे तीन विकर त्याच नमुन्यांत मोजता आले तर मोजा.

दुसरी मर्यादा अशी की तुम्ही मेंदूचा संपूर्ण अर्धा भाग एकत्र कुटला. मेंदूचे सर्व भाग सारखे वागत नाहीत. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे फार उपयोगी आहे. त्यांनी बॅकोसाइडचे प्रमाण ठरवलेला अर्क प्रतिकिलो ५ आणि १० मिलिग्रॅम अशा लहान मात्रांत ७, १४ किंवा २१ दिवस दिला आणि अग्रबाह्यक, स्ट्रायटम व हिप्पोकॅम्पस हे भाग स्वतंत्रपणे तपासले. तिन्ही भागांत वरील तीन विकरांची क्रियाशीलता १४ आणि २१ दिवसांच्या उपचारानंतर वाढलेली आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या डेप्रेनिल या औषधाने मात्र ती अग्रबाह्यकात आणि स्ट्रायटममध्ये वाढवली, हिप्पोकॅम्पसमध्ये नाही. सगळा मेंदू एकत्र कुटला असता तर हा फरक कोणाला दिसलाच नसता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमचे उंदीर निरोगी होते. निरोगी मेंदूत मॅलॉनडायअल्डिहाइड थोडे कमी झाले याला ‘मेंदूचे संरक्षण’ म्हणता येत नाही, कारण संरक्षण कशापासून, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. संरक्षणाचे विधान करण्यासाठी ॲल्युमिनियम क्लोराइड, स्कोपोलामिन किंवा मेंदूच्या पोकळीत दिलेले स्ट्रेप्टोझोटोसिन यांसारख्या, मेंदूच्या कार्यात बिघाड करणाऱ्या एखाद्या द्रव्याच्या आघाताचा गट हवा, आणि स्मृतीबद्दल बोलायचे असेल तर भुलभुलैयाची किंवा तत्सम वर्तनचाचणी हवी. ग्लुटाथिओन वाढले म्हणून स्मरणशक्ती वाढली, ही उडी कृपया घेऊ नका. रचनेतील अनुकूल बदल मात्र ऊतीशास्त्राने पाहता येतात. चेतापेशी शाखांसह दाखवणाऱ्या गॉल्जी पद्धतीने रंगवलेल्या छेदांत, प्रतिकिलो ४० आणि ८० मिलिग्रॅम अर्क चार ते सहा आठवडे दिलेल्या प्रौढ उंदरांच्या अमिग्डाला या भावनांशी संबंधित भागातील चेतापेशींच्या वृक्षिका अधिक लांब आणि अधिक शाखांच्या झालेल्या आढळल्या आहेत. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनमध्ये वृक्षिकांचा हा विस्तार दिसू शकत नाही.

जाता जाता दोन सूचना. बॅकोसाइडचे रेणू मोठे आहेत. बॅकोसाइड ए-३ चा रेणुभार ९२९ च्या आसपास आहे आणि त्यावर शर्करांचे गट आहेत, त्यामुळे तो रेणू आहे तसाच रक्त आणि मेंदू यांमधील अडथळा सहज ओलांडेल असे गृहीत धरू नका. शर्करा सुटल्यावर उरणारा भाग आत जाण्याची शक्यता अधिक मानली जाते. म्हणून परीक्षानळीत मेंदूच्या ऊतीवर थेट अर्क टाकून मिळालेले निकाल तुमच्या चर्चेत आधार म्हणून घेऊ नयेत. दुसरे म्हणजे, संख्याशास्त्रात एकक प्राणी आहे, पेशी नव्हे. एका उंदराच्या ५०० पेशी मोजल्या तरी तुमची संख्या प्रत्येक गटात सहाच राहते.

प्रश्नकर्तीचा पुढील मजकूर

तिन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. गेल्या काही दिवसांत जे तपासता आले ते लिहीत आहे.

प्रयोगवही पुन्हा वाचली. सर्व २४ मेंदू एकाच दिवशी काढले होते, आणि तेही गटांच्या क्रमाने. नियंत्रण गट सकाळी, ४०० मिलिग्रॅमचा गट सर्वांत शेवटी. शेवटच्या प्राण्यांच्या वेळी आम्ही घाईत होतो, आणि मेंदू गाळणकागदावर दाबून धरून चिरले होते हे मला स्पष्ट आठवते. क्रम सोडत पद्धतीने ठरवायला हवा होता, ही माझी चूक आहे आणि ती प्रबंधात लिहिणार आहे.

चिठ्ठ्या झाकून काचपट्ट्या मी आणि एका सहाध्यायीने स्वतंत्रपणे वाचल्या. गडद पेशी प्रामुख्याने चिरलेल्या कडेलगत आणि बाह्यकाच्या वरच्या थरांत आहेत. स्ट्रायटमच्या खोल भागात त्या जवळजवळ नाहीत. सीए-३ मधील पेशी ज्या छेदांत आहेत ते छेदही कडेजवळचेच निघाले. कोणती काचपट्टी कोणत्या गटाची, हे आम्हा दोघींनाही ओळखता आले नाही. लालसर पेशी किंवा ग्लियांची दाटी आम्हाला दिसली नाही.

चूर्णाचा नमुना सुदैवाने शिल्लक आहे. तो ओळख आणि जड धातू या दोन्ही तपासण्यांसाठी पाठवला आहे. निकाल येईपर्यंत प्रबंधात ‘ब्राह्मी’ या शब्दापुढे वनस्पतिशास्त्रीय नाव लिहिणार नाही. ‘मेंदूचे संरक्षण’ हा शब्दप्रयोग शीर्षकातून काढला आहे.

एक गोष्ट मात्र उरते. ४०० मिलिग्रॅमच्या गटातील दोन प्राण्यांत, दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमच्या पांढऱ्या भागात लहान गोल पोकळ्या आहेत. बाकीच्या २२ प्राण्यांत त्या नाहीत. यांचे काय करावे?

पहिल्या उत्तरदात्याचे प्रत्युत्तर

त्या पोकळ्या गंभीरपणे घ्या, कारण मायलिनला (चेतातंतूंवरील आवरणाला) झालेली खरी इजाही अशीच दिसू शकते. परंतु पांढऱ्या भागातील गोल पोकळ्यांचे एक परिचित कृत्रिम कारण म्हणजे ऊती ७० टक्के अल्कोहोलमध्ये दीर्घकाळ पडून राहणे. सुट्टीच्या आधी प्रक्रिया अर्धवट थांबवली की असे हमखास होते. त्या दोन प्राण्यांचे तुकडे इतरांसोबत एकाच वेळी प्रक्रियेत गेले होते की वेगळ्या दिवशी, हे प्रक्रियेच्या नोंदवहीत पाहा. वेगळे गेले असतील आणि त्यांच्यासोबत दुसऱ्या गटाचाही एखादा तुकडा असेल, तर प्रथम त्याचा कॉर्पस कॅलोसम तपासा.

नोंद मिळाली नाही तर जीएफएपी आणि आयबीए-१ यांच्या काचपट्ट्यांवर नेमका तोच भाग शोधा. पोकळ्यांभोवती तारकापेशी जाड झालेल्या असतील किंवा पोकळ्यांत मायक्रोग्लिया शिरलेले असतील, तर बदल प्राणी जिवंत असताना झाला आहे आणि तो प्रबंधात ठळकपणे नोंदवला पाहिजे. काहीच प्रतिक्रिया नसेल तर इजेचा पुरावा दुबळा ठरतो, पण पूर्णपणे मिटत नाही. अशा वेळी सहापैकी दोन प्राण्यांत पोकळ्या आढळल्या, ऊतीत प्रतिक्रिया आढळली नाही, स्थिरीकरण बुडवून केलेले होते आणि कारण निश्चित करता आले नाही, असे छायाचित्रांसह लिहावे. छायाचित्रांत नियंत्रण गटाचा तोच भाग त्याच विशालनाने शेजारी ठेवावा. अभिरंजनाच्या काचपट्ट्या हाती आल्या की त्यांची वर्णने येथे लिहा, मी अवश्य पाहीन.